शेजारच्या सीटवरचा पाय

तीन लाख एक्क्याऐंशी हजार किलोमीटर. एवढं चालल्यावर माणूससुद्धा कुठंतरी बूड टेकून बसतं. पण बाईंची ठकी अजून रोज सकाळी सात वाजता शिकाऊ लोकांच्या लाथा खायला दारात हजर असायची. ठकी म्हणजे गाडी. आणि बाई म्हणजे ड्रायव्हिंग क्लासवाल्या बाई. सव्वीस वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवत होत्या, त्यातली अठरा या एकाच गाडीत. आसपासच्या निम्म्या लोकांनी आयुष्यातला पहिला गिअर ठकीवरच टाकला होता आणि त्याबद्दल पहिली बोलणीही बाईंचीच खाल्ली होती.

"आई, आता पुरे झालं," लेक म्हणाली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दुपारी जेवायला आईकडेच यायची, त्यामुळे तिचे सल्ले रोज ताजे असायचे. "पंधरा महिन्यांत तीन क्लच प्लेटा! खाते का काय ती? माझ्या ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे. सासुरवाडीला जायला-यायला त्याला काहीतरी चार चाकं हवीत. शनिवारी येतो म्हणालाय."

"सासुरवाडीला? ठकीतून?" बाई म्हणाल्या. "बायकोशी पटत नाही का त्याचं?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. गाडी विक, क्लास बंद कर, आराम कर. एकसष्ट वर्षांची झालीस."

खरं घोडं इथंच अडत होतं. गाडी गेली की क्लास गेला. दुसरी गाडी घ्यायची, तिला शेजारच्या सीटपुढे वेगळी पेडलं बसवायची, कागदपत्रांसाठी खेटे घालायचे, हे सगळं या वयात पुन्हा होणार नव्हतं आणि ते दोघींनाही पुरतं ठाऊक होतं. आणि आराम या शब्दाचाच बाईंना धसका होता. त्यांच्या थोरल्या बहिणीनं नोकरी सुटल्यावर आराम करायला घेतला आणि वर्षभरात ती शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या मोजायला लागली होती.

"शनिवारला अजून पाच दिवस आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकीच्या ताटात भाताची आणखी एक मूद वाढली. तोंड बंद करायचा त्यांचा हा हुकमी उपाय होता.

दुपारी त्या गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. ठकीला पहिल्यापासून हा एकच मिस्त्री बघायचा. माणूस अबोल. एरवी "हं" एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. त्यानं गाडी वर चढवली, खाली वाकला, पुन्हा उतरवली, आत बसून इंजिन ऐकलं.

"इंजिनाला अजून लाखभर तरी मरण नाही," तो म्हणाला.

"मग प्लेटा का जळतायत?"

मिस्त्री बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. "बाई, रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावणार. सांगा."

त्यानं दोन्ही बाजूंची दारं उघडली आणि पेडलांवरची रबरं काढून बाईंच्या हातावर ठेवली. क्लच आणि ब्रेकची एक जोडी शिकणाऱ्याच्या बाजूची, दुसरी बाईंच्या बाजूची. दोन्ही त्यानंच एकाच दिवशी नवी बसवलेली. शिकणाऱ्याच्या बाजूच्या रबरावरच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या. बाईंच्या बाजूचं रबर मात्र गुळगुळीत झालं होतं, एका कडेला तर आतलं लोखंड दिसत होतं.

"शिकणारा रोज दाबतो आणि तुम्ही अडचणीला दाबता, असं असायला पाहिजे ना?" मिस्त्री म्हणाला. "इथं उलटं आहे. दोन्ही पेडलं एकाच सळईला जोडलेली, त्यामुळे कुणी दाबलं ते शिकणाऱ्याला कळत नाही. पाय त्याचाही पेडलावर असतो. पण गाडी तुम्ही चालवताय, बाई. क्लचवरून तुमचा पाय उचललाच जात नाही. प्लेट जळेल नाही तर काय होईल?"

अठरा वर्षांत हा माणूस एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. रागवायचं कबूल केलं होतं, पण रागावणार कुणावर? त्या रबरांकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

कधीपासून, ते त्यांना शोधावं लागलं नाही. सात वर्षांपूर्वी शाळेच्या वळणावर एक छोटी मुलगी सायकलवरून सरळ गाडीपुढे आली होती. शिकणारे गृहस्थ स्टिअरिंग धरून नुसते थिजले. बाईंनी शेवटच्या वितीवर ब्रेक दाबला. मुलीला खरचटलंसुद्धा नाही, ती मागे वळूनही न बघता पुढं निघून गेली. बाईंनी त्या गृहस्थांना पाणी पाजलं, शांतपणे तास पुरा केला आणि घरी येऊन न्हाणीघरात दार लावून हमसाहमशी रडल्या. कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पाय पेडलावर ठेवायला लागल्या. आधी नुसताच ठेवलेला, मग हलका दाबलेला. भीतीच होती ती, दुसरं काय. शिस्त म्हणून मिरवत होती एवढंच.

आणि मग त्यांना नर्स आठवली.

नर्स म्हणजे त्यांची सध्याची विद्यार्थिनी. पंचेचाळिशीची, हॉस्पिटलात दहा वर्षं रात्रपाळी करून पार पिचलेली. घरोघरी जाऊन पेशंट बघायचं दिवसाचं काम तिला मिळत होतं, पण त्यासाठी लायसन हवं होतं. या महिन्याअखेर नाही मिळालं तर ती जागा दुसरीला जाणार होती. तीनदा टेस्ट दिली, तीनदा नापास. क्लासमध्ये लोण्यासारखी गाडी चालवायची आणि परीक्षेचे साहेब शेजारी बसले की गाडी आचके खायची, रेघेपुढे जाऊन थांबायची. "बाई, साहेब बसले की पेडल जड होतं हो," असं ती बिचारी तिन्ही वेळा म्हणाली होती. आणि तिन्ही वेळा बाईंनी तिला झापलं होतं, "पेडल तेच आहे, मनाचे खेळ आहेत तुझे. मन घट्ट कर!"

साहेब काही पेडलावर पाय ठेवून बसत नव्हते. पेडल जडच होणार होतं.

चौथी टेस्ट गुरुवारी होती.

"प्लेट घाला," बाई मिस्त्रीला म्हणाल्या. "उद्या सकाळी गाडी पाहिजे."

"म्हणजे विकायची नाही?"

"ते माझ्या पायाला विचारायचंय. एका जागी राहिला तर गाडी राहील. दाबायला गेला तर शनिवारी गाडीही जाईल आणि मीही घरी बसेन. खराब गाडी नाही झाली, मी झाले."

मिस्त्री "हं" म्हणाला.

बुधवारी सकाळी नर्स पाळी संपवून थेट आली, डोळे तांबारलेले, केस चापून बांधलेले. गाडी सुरू करणार तोच बाईंनी किल्ली काढून घेतली.

"आधी ऐक. तू तीनदा नापास झालीस ती माझ्यामुळे." आणि त्यांनी रबरांपासून सायकलवरच्या मुलीपर्यंत सगळं सांगून टाकलं. काही राखून ठेवलं नाही. सांगताना त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या, कारण नर्सकडे बघायची हिंमत नव्हती.

ती चिडेल, पैसे मागेल, दार आपटून जाईल, बाईंनी सगळ्याची तयारी ठेवली होती.

"म्हणजे मी ढ नाहीये?" नर्सनं विचारलं.

"अजिबात नाहीस."

"घरी सगळे म्हणतात, तुझ्या डोक्यात शिरत नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं हो, बाई." मग एकदम फणकारून म्हणाली, "सात महिने! सात महिने मी रात्री औषधांच्या ट्रॉलीखाली पाय हलवून क्लचची प्रॅक्टिस करत होते! पेशंट हसायचे मला!"

"चिड. तुझा हक्क आहे."

"नंतर चिडेन. आधी किल्ली द्या."

पहिला तास मोकळ्या मैदानावर. बाईंनी सीट मागे सरकवली आणि चक्क मांडी घालून बसल्या. गुडघे असे कडाडले की नर्स दचकली. पेडल खरोखरच जड होतं. गाडी अकरा वेळा बंद पडली. बाईंचा पाय मांडीत असूनसुद्धा प्रत्येक वेळी वळवळायचा, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. तोंडही धरून ठेवलं, आणि ते पायापेक्षा अवघड गेलं. बाराव्या वेळी गाडी सुटली, आणि मग सुटतच राहिली.

मग रस्ता. रस्त्यावर मांडी घालून चालणार नव्हतं, तेवढं भान बाईंना होतं. त्यांनी पाय खाली सोडले, टाचा सीटखाली ओढून घेतल्या आणि पर्स गच्च धरून बसल्या. सिग्नल गेला. चौक गेला. बाईंच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते, जणू त्यांचीच टेस्ट होती. आणि होतीच की!

फर्निचरच्या दुकानासमोर दोन माणसं डोक्यावर भली मोठी गादी घेऊन फुटपाथवरून सरळ रस्त्यात उतरली. गादीखालून त्यांना आपले बूट सोडून काही दिसत नसावं.

बाईंचा पाय सुटला. विचार करायच्या आत सुटला आणि सगळा जोर एकवटून ब्रेकवर गेला. पण तिथं दाबायला काही उरलंच नव्हतं. पेडल आधीच तळाला जाऊन टेकलं होतं.

गाडी गादीपासून चांगली दोन हात अलीकडे उभी होती, इंजिन चालू, आचका नाही. नर्सनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ, गादीवाले! झोपायचंय तर घरी जाऊन झोपा!"

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. सात वर्षांचं साचलेलं होतं ते. नर्सनं नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं, तेव्हा कुठं त्या भानावर आल्या आणि ओरडल्या, "हात स्टिअरिंगवर ठेव आधी!"

गुरुवारी नर्स पास झाली. साहेबांनी खाली उतरून बाईंना विचारलं, "गाडी बदललीत वाटतं?" बाई म्हणाल्या, "नाही हो. तीच आहे."

शुक्रवारी दुपारी लेकीनं जेवता जेवता विषय काढलाच. पायाची गोष्ट तिला कळली होती. "मग? राहिला का पाय जागेवर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पेडल आधीच दबलेलं, बाईंचा पाय कुणी बघितलाही नव्हता.

"नाही राहिला," बाई म्हणाल्या. "गादीवाले आले तेव्हा गेला."

लेकीनं घास खाली ठेवला. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण आईचं तोंड बघून तिला वाईटच वाटलं. "जाऊ दे गं. मी उद्याचं पक्कं करते त्याच्याशी."

"थांब. मी ठरवताना चुकले होते. पाय जायलाच हवा, त्यासाठीच तर मी तिथं बसते. नाहीतर शेजारी पोतं ठेवलं तरी चालेल. फक्त तो शिकणाऱ्याच्या मागून, दुसरा जायला हवा. सात वर्षं माझा पहिला जात होता. बुधवारी दुसरा गेला." बाई उठल्या. "गाडी विकायची नाही."

"आई, आज ना उद्या विकावीच लागेल."

"उद्याचं उद्या. आधी मला हे निस्तरायचंय." त्यांनी कपाटातून क्लासची वही आणली आणि गेल्या सात वर्षांची पानं उलटत बसल्या. नापास झालेले बरेच होते. त्यातले बहुतेक पुन्हा बसून कसेबसे पास झाले होते. पण एकोणीस जण नापास होऊन कंटाळून सोडून गेले होते. गेल्या गेल्या बाई त्यांना विसरल्या होत्या. काहींच्या नावापुढे तर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'जमणार नाही'.

लेक आईच्या खांद्यावरून वाचत होती. तिनं स्वतःचा फोन उचलला, बाहेर गेली आणि ऑफिसातल्या माणसाला सांगून टाकलं, उद्या येऊ नका, गाडी द्यायची नाहीये.

तोवर आत बाईंनी पहिला नंबर फिरवला होता. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. हे वहीतले सगळ्यात जुने, पोस्टातून निवृत्त झाल्यावर हौसेनं शिकायला आलेले.

"कोण? क्लासवाल्या बाई?" ते म्हणाले. "अहो, मी तर त्यानंतर गाडीला हातच लावला नाही. आपल्याला ते जमण्यातलं नव्हतंच."

"जमण्यातलं होतं, काका. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझा पाय मध्ये होता."



"आता मी बहात्तर वर्षांचा आहे, बाई," ते हळूच म्हणाले.

"मी वय विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "सकाळी सात वाजता दारात उभे राहा. घ्यायला मी येते, परत येताना गाडी तुम्ही चालवायची."