नवसाबाईंच्या नावाचा पत्ता

मी पत्ता बोलतोय, पण पोस्टमनला मला शोधायला लावू नका, बिचारा दमेल. मी इंटरनेटवर राहतो. नवसाबाई द्राक्षे डॉट कॉम! आहे की नाही ऐटबाज नाव?

२००३ साली नाशिकला गंगापूर रोडवर, शेखरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा जन्म झाला. समोर निफाडचे बागायतदार धनराज बसले होते. "नाव काय ठेवायचं, काका?" शेखरने विचारलं. "आईचं ठेव. बाग तिनंच उभी केली," धनराज म्हणाले. शेखरने मला तिथंच त्यांच्या नावावर नोंदवलं. असं नाव ठराविक वर्षांपुरतंच मिळतं, मग पैसे भरून मुदत वाढवावी लागते; ते कामही त्याच्याकडेच राहिलं.

घरी नवसाबाईंना मला दाखवलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं बाई! माझं नाव परदेशात बी दिसतं व्हय?" त्या दिवसापासून त्या मला फार आवडतात.

पुढे एका वर्षी ऐन हंगामात एक ईमेल आली. इंग्रजीत, वर भलामोठा शिक्का, अगदी सरकारी थाट. धनराजांच्या लेकीनं, तृप्तीनं ती वाचून दाखवली. 'तुमच्या नावाची मुदत संपतेय. लगेच पैसे भरा, नाहीतर नाव दुसऱ्याला जाईल.'

धनराजांचा चेहराच उतरला. "आईचं नाव दुसऱ्याच्या मालावर? नाय जमायचं!" मी आतून ओरडत होतो, अहो, माझी मुदत अजून शिल्लक आहे! पण पत्त्याचं ऐकतंय कोण?

तृप्ती पैसे भरायलाच निघाली होती. पण धनराजांची एक रीत होती. नवा व्यापारी आला की आधी बागेत बोलवायचं, चहा पाजायचा, द्राक्षाचे चार मणी चाखायला द्यायचे, मग व्यवहार. "लिही त्यांना, आधी बागेत या म्हणावं."

"पप्पा, ईमेलवाल्याला कुणी चहाला बोलवतं का?" तृप्तीनं कपाळावर हात मारला, पण लिहिलं.

उत्तर आलं. चहाबद्दल अवाक्षर नाही! तीच ईमेल, फक्त लाल अक्षरांत 'शेवटची सूचना'.

धनराज भडकले. "हो नाय, नाय नाय, नुसती घाई! असला व्यापारी लबाडच असतो. लाव शेखरला फोन."

शेखर हसला. "काका, मुदत दिवाळीपर्यंत आहे. ती वाढवायची वेळ आली की मीच सांगेन. हे भलतेच लोक आहेत. खाली बारीक अक्षरं वाचा." तृप्तीनं वाचलं. 'हे बिल नाही, ही जाहिरात आहे', असं खरंच लिहिलं होतं. लाज कशी वाटत नाही मेल्यांना!

नवसाबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "गेलं का रे माझं नाव?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठं जातंय, आई? तुझंच हे."

ते ऐकून मी सुखावलो. आजही मजेत आहे. दुबईहूनसुद्धा लोक मला शोधत येतात. तसल्या ईमेलही येतात, पण आता घरात कुणी दचकत नाही.

तुम्हालाही अशी ईमेल आली, तर नाव जिथं नोंदवलंय तिथं आधी विचारा. आणि घाबरू नका हो. जे नाव जाईल म्हणून असले लोक भीती घालतात, ते तुमचंच असतं.