ज्या दुपारी मला वितळता आले नाही

मी एक जुना फ्यूज आहे. चिनीमातीचा, तळहातात मावेल एवढा, एकेकाळी पांढराशुभ्र आणि आता एका अंगाने काळा पडलेला. मित्रांनो, आजकालच्या नव्या घरांत तुम्ही मला पाहिले नसेल. पूर्वी दाराशेजारी एक लाकडी बोर्ड असे. त्यावर मीटर, मीटरखाली मेन स्विच आणि त्याच्या बाजूला मी. माझ्या पोटात दोन पितळी स्क्रूंच्या मध्ये केसासारखी बारीक तार बांधलेली असे. घरात येणारी सगळी वीज त्या तारेवरून चालत जाई.

माझ्या जन्माची गोष्ट मी वाढवून सांगतो, अशी मीटरची तक्रार होती. तुम्हीच ठरवा. हैदराबादकडच्या ज्या भट्टीत मला भाजले, तिची धग एवढी होती की शेजारच्या गावातल्या बायांनी तीन दिवस चूलच पेटवली नाही. भट्टीच्या भिंतीला बाहेरून भाकरी लावायच्या आणि शेकून काढायच्या. मी बाहेर आलो तेव्हा लालबुंद होतो, पांढरा व्हायला मला आठवडा लागला. मग पोत्यात बसून नांदेडला आलो आणि तिथून एसटीच्या टपावर अहमदपूरला. धान्यबाजाराच्या, म्हणजे मोंढ्याच्या मागच्या गल्लीत वसंतरावांनी नवे घर बांधले होते. ते तहसील कचेरीत नोकरीला होते. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई राहत. खालचा मजला भाड्याने देत. त्या खालच्या मजल्याचा राखणदार म्हणून मला बसवले.

माझे काम ऐकाल तर थक्क व्हाल. वेळ आली की मरायचे, हेच माझे काम. घरात विजेचा भार फार झाला की माझी तार वितळे, सगळीकडे अंधार होई आणि भिंतीतल्या वायरी वाचत. मग कोणीतरी स्टुलावर चढून नवी तार बांधी की मी पुन्हा जिवंत. असा मी चारशे बारा वेळा मेलो आहे. यातल्या बारा वेळा मीटर मान्य करीत नाही, पण चारशेला त्याचीही हरकत नाही.

वीज मी रोज अंगावरून जाताना पाहिली आहे. तिला रंग नाही, पावलांचा आवाज नाही. शेकडो मैलांवरून धावत येते आणि जराही दमत नाही. एका खोलीत ती पंखा होते, दुसऱ्या खोलीत दिवा होते, स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा कूट करते. एवढी अफाट शक्ती घरात शिरताना माझ्या केसाएवढ्या तारेला विचारून शिरते, याचे मला अजून नवल वाटते.

वसंतराव निवृत्त झाले, त्यांचे केस पिकले, भाडेकरू आले आणि गेले. चार वर्षांपूर्वी हिमायतनगरकडचे बालाजी सर इथल्या शाळेत शिकवायला आले आणि खाली राहू लागले. सोबत त्यांची बायको गीतांजली आणि आता सहावीत असलेली मुलगी मृण्मयी. वसंतरावांना ते काका म्हणत, लक्ष्मीबाईंना काकू. वसंतराव भाडेकरूला सर म्हणत, आणि रागावले तरी सरच म्हणत.

आता आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात आमच्या गल्लीत सावलीसुद्धा झाडाखाली जागा शोधत फिरते. एक म्हैस बालाजी सरांच्या कूलरसमोर दुपारभर उभी राहिली, तर संध्याकाळी तिने थंडगार ताक दिले. खोटे वाटत असेल तर म्हशीला विचारा. सांगायचे एवढेच, की कूलर लागायचाच. कूलर, फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री, सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. मी दिवसातून तीन तीन वेळा मरू लागलो. मी घर वाचवत होतो आणि घरातले मला शिव्या देत होते.

"काका, फ्यूज पुन्हा गेला!" बालाजी सर जिन्यात उभे राहून हाक मारीत.

"तुम्ही दुपारी कूलर बंद ठेवत जा ना सर! आमच्या काळात हातपंखे होते."

"काका, तुमच्या काळात ऊन पण जरा माणसासारखं होतं."

पाचव्या दिवशी वसंतराव वैतागले. खालच्या बोर्डापाशी आले आणि मला ओढून काढले. विहिरीच्या जुन्या मोटारीच्या वायरीतले तांब्याचे पाच-सहा पदर घेतले, दोरीसारखे पिळले आणि माझ्या पोटात आवळून टाकले. अहमदपुरात हे काही नवे नव्हते. फ्यूज सारखा उडतो ना? मग बांधा जाड तार. ज्याला ही युक्ती जमते तो घरातला हुशार माणूस.

"आता बघा सर! सात जन्मांत उडणार न्हाई हा फ्यूज."

"लई भारी, काका!" बालाजी सरांनी लगेच कलिंगड कापले. पहिली फोड वसंतरावांना दिली.

मित्रांनो, इथे मी कबूल करतो, मला ते कौतुक आवडले. इतकी वर्षे शिव्या खाल्लेल्याला 'मजबूत' म्हणून मिरवायला मिळाले. मीटरने मला बजावले, तू आता राखणदार राहिला नाहीस, दार उघडे पडले आहे. मी त्याला म्हणालो, तू माझ्यावर जळतोस. खरे म्हणजे त्या दिवसापासून भिंतीतल्या वायरी आतल्या आत जळायला लागल्या होत्या.

तीन आठवड्यांनी खोलीत करपलेला वास येऊ लागला. ज्या प्लगमध्ये एक्स्टेंशन खोचलेले होते तो तपकिरी पडला होता.

"अहो, प्लगाला वास येऊन राहिला," गीतांजली म्हणाली. "काकांना सांगा ना."

"सांगितलं की ते म्हणणार, कूलर बंद करा. मागंच म्हणले होते. शाळा सुरू होऊ दे, मग सांगतो."

आठ दिवस तो वास घरात राहिला. कोणी वर जाऊन सांगितले नाही.

मग ती दुपार आली. गीतांजली धुणे वाळत घालायला गच्चीवर गेली होती, बालाजी सर मोंढ्यात, आणि मृण्मयी आतल्या खोलीत कूलरसमोर गोष्टीचे पुस्तक वाचत होती. प्लगातून आधी एक निळी ठिणगी पडली, मोहरीच्या दाण्याएवढी. ती पडद्याच्या काठाला चिकटली. मी पाहत होतो आणि मला काही करता येत नव्हते. मी वितळायला हवे होते. मी जोर लावला, पण तांब्याची ती दोरी हलली नाही.

आग मी भट्टीत पाहिली होती. तिथे ती बांधलेली होती. इथे ती मोकळी होती, आणि तिचे ते मोकळे रूप पाहून मी दिपून गेलो. ती पडद्यावरून जिना चढावा तशी चढली, छताला पोचली आणि तिथून पसरली, जणू कोणी वर लाल चादर अंथरते आहे. वायरी झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या एकामागून एक तडतडल्या. मृण्मयी किंचाळत बाहेर धावली. तिच्या हातात ते पुस्तक तसेच होते.

शेजारचे भुजंगराव बादली घेऊन आले आणि पाणी फेकणार, तोच जिन्यावरून लक्ष्मीबाई ओरडल्या.

"पानी न्हाई! पानी न्हाई! आधी करंट बंद करा!"

त्या सत्तरीच्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी देवळातही जात नसत. त्या दिवशी त्या जिना कशा उतरल्या ते मला अजून कळले नाही. कपडे वाळवायची कोरडी काठी घेतली, दारातूनच हात लांब करून मेन स्विचचा दांडा खाली पाडला. मग म्हणाल्या, "आता समोरची रेती टाका." समोर बांधकामाचा ढीग होता. गल्लीतली माणसे घमेली घेऊन धावली. नगरपरिषदेची गाडी आली तोवर अर्धी आग रेतीखाली दबली होती. माणूस एकही भाजला नाही. पण खोली काळीठिक्कर झाली, पलंग गेला, कपाट गेले, मृण्मयीचे दप्तर आणि बालाजी सरांचे बी.एड.चे प्रमाणपत्रही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतराव एकटेच खाली आले. बोर्डापाशी उभे राहिले. मला ओढून काढले. माझे अंग काळे झाले होते, पण पोटातली तांब्याची तार शाबूत होती, नव्या बांगडीसारखी चमकत होती. वसंतराव तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकले, छातीवरच्या खिशात.

बाहेर कडुनिंबाखाली माणसे जमली होती. भुजंगरावांनी एक कागद लिहून आणला होता. त्यावर लिहिले होते, की आग भाडेकरूच्या कूलरमुळे लागली, घर तो दुरुस्त करून देईल आणि आठ दिवसांत जागा सोडील.

"करा सही, सर," भुजंगराव म्हणाले. "काका चांगले म्हणून पोलिसात गेले न्हाईत."

"सही करू नका," गीतांजली म्हणाली. "एकदा सही केली की अख्ख्या अहमदपुरात आपल्याला कोणी खोली देणार न्हाई. घर जाळणारा मास्तर म्हणतील. शाळा तोंडावर आली. पोरीला घेऊन कुठं जायचं?"

बालाजी सरांनी पेन हातात घेतले होते. त्यांना तो तपकिरी प्लग आठवत असणार.

तेवढ्यात वायरमन व्यंकटी जळलेल्या खोलीतून हात झाडत बाहेर आला. त्याला लक्ष्मीबाईंनी विचारले, "का रे व्यंकटी, एवढा लोड आला, तर फ्यूज का न्हाई उडाला?"

"हाव की, काकू. मी बी तेच बघून राहिलो. फ्यूजच जागेवर न्हाई."

"जळून गेला असंल," भुजंगराव म्हणाले.

"चिनीमाती जळती का, भुजंगराव? तुमच्या घरी कपबशा जळतात का?"

माणसे हसली. मी खिशात होतो आणि माझ्या पाठीमागे वसंतरावांचे काळीज धडधडत होते. मित्रांनो, मी वीज पाहिली, आग पाहिली, पण माणसाचे काळीज इतक्या जवळून मी पहिल्यांदा ऐकले. त्या आवाजापुढे मला भट्टी शांत वाटली. एक हात खिशापर्यंत आला आणि माघारी गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. उकिरडा मागच्या बाजूलाच होता. वसंतरावांनी मनात आणले असते, तर मी आज उकिरड्याखाली असतो, आणि ही गोष्ट कोणाला कळली नसती.

तिसऱ्यांदा हात आला तो मला घेऊनच बाहेर गेला.

"फ्यूज माझ्याजवळ हाय," वसंतराव म्हणाले. "ही तार मी बांधली. माझ्या हातानं. सर, पेन खाली ठेवा."

व्यंकटीने मला हातात घेतले आणि तार बघून कपाळाला हात लावला. "काका, ह्या तारेवर तर पिठाची गिरणी चालंल!"

बालाजी सर उठले. "काका, तुमची एकट्याची चूक न्हाई. आठ दिवस प्लगाचा वास येत होता. मी सांगितलं न्हाई. आन् चार वस्तू एका बोर्डावर मीच लावल्या."

"तुम्ही गप बसा सर. भिंतीतली वायर माझी, फ्यूज माझा."

"प्लगात काय खोचलं ते माझं होतं, काका!"

"मी म्हणतो ना, चूक माझी!"

"अन् मी म्हणतो, माझी!"

अहो, आमच्या गल्लीत वीतभर जागेसाठी भांडणे झाली, नळासाठी झाली. पण चूक आपल्याकडे ओढून घेण्यासाठी दोन माणसे कडाकडा भांडताहेत, हे मी पहिल्यांदा पाहिले. भुजंगरावांनी कागद वर धरला आणि विचारले, "आता मी नाव कोणाचं लिहू?"

"दोघांचं लिही," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आन् वर चला समदे. भाकरी गार होऊन राहिल्या."

वर भाकरी खाताना बाकीचे ठरले. भिंतीतले सगळे वायरिंग, अर्थिंग आणि नवा बोर्ड वसंतराव करून देणार. खोली राहण्याजोगी होईपर्यंत सरांचे कुटुंब वरच राहणार आणि तोवर भाडे नाही. कूलरला वेगळी, जाड वायरीची लाइन काढून घ्यायची, आणि ती लाइनसुद्धा घरमालकाचीच. कूलरची वायर, प्लग आणि एका जागी किती वस्तू लावायच्या, हे सरांनी बघायचे. आणि वास आला, ठिणगी दिसली, स्विच गरम लागला, तर जिना चढून त्याच घटकेला सांगायचे. हे शेवटचे कलम मृण्मयीने घातले. ती म्हणाली, "आणि सांगितल्यावर आजोबांनी रागवायचं नाही." वसंतरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मान डोलावली.

व्यंकटीचे काम पंधरा दिवस चालले. माझ्या जागी भार वाढला की खटकन पडणारे नवे बटण बसले, आणि मला वाईट वाटले नाही, असे सांगितले तर ती मात्र थाप होईल. पण त्यानंतर जे झाले त्याने मी पार चकित झालो. वसंतराव व्यंकटीला घेऊन गल्लीतल्या घराघरात गेले. मला हातात धरून, पोटातली ती तार दाखवत. चौदा घरांचे फ्यूज उघडून पाहिले. त्यांतल्या अकरा घरांत जाड तार निघाली. काही घरे मालकांची होती, काही भाडेकरूंची. प्रत्येक घरात कोणीतरी हुशार माणूस होताच. आणि भुजंगरावांच्या फ्यूजात तर चक्क खिळा निघाला. भुजंगराव त्या खिळ्याकडे बघत दारातच खाली बसले. आत त्यांची दोन नातवंडे झोपली होती.

मित्रांनो, माझ्यासारखा फ्यूज तुमच्या घरात असेल तर त्याला हात लावू नका. ते तुमचे काम नाही. पण घर स्वतःचे असो की भाड्याचे, आजच घरातल्या मोठ्या माणसाला हाताला धरून बोर्डापाशी न्या आणि विचारा, "यात तार कोणती बांधली आहे?"

ते गप्प झाले, तर तिथून हलू नका. वायरमन येईपर्यंत विचारतच राहा.