जमिनीवरचा दाब

अकोल्याच्या दवाखान्यात ताराबाईंच्या हातात जो फॉर्म दिला, त्यात एक रकाना होता : ‘शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचे निरीक्षण’. घोरणं किती, श्वास थांबतो का, थांबला तर किती वेळ. ताराबाईंनी चष्मा पुसला, रकाना दोनदा वाचला आणि त्यात एक आडवी रेघ मारली.

चिंतामणराव असते तर त्यांनी तो रकाना भरून वर पुरवणी जोडली असती. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. झोपेत कोपरानं ढोसून म्हणायचे, “तारे, श्वास घे.” आणि सकाळी चहाच्या वेळी सांगायचे, “काल सहा वेळा.” ताराबाईंना वाटायचं, थट्टा चालली आहे. येत्या भाद्रपदात त्यांना जाऊन दोन वर्षं होणार होती. तेव्हापासून ढोसणारं कोणी नव्हतं.

एरवी हे कळलंही नसतं. पण आषाढात एका सकाळी नामस्मरण करता करता त्यांचा डोळा लागला आणि पदर निरांजनावर गेला. वीतभर जळला. त्याच आठवड्यात मुलगा अद्वैत अकोल्याहून अमरावतीला आला होता. दोरीवर वाळत घातलेला तो पदर त्यानं पाहिला आणि गाडीत बसवून आईला दवाखान्यात घेऊन गेला. तिथं एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं, आणि सकाळी आकडा निघाला : तासाला एक्केचाळीस वेळा श्वास अडतो.

“म्हणजे दीड मिनिटाला एकदा,” ताराबाई हळूच म्हणाल्या. मास्तरांच्या घरात राहून एवढा हिशेब येत होता.

मशीन बसवून देणारी मुलगी होती माया. बार्शीटाकळीची, तिशीची, बोलायला रोखठोक. तिनं नाकावरचा मास्क, लांब नळी आणि पाण्याचं भांडं असलेली ती पेटी समजावून सांगितली. “काकू, झोपेत घशातलं मांस ढिलं पडते अन् श्वासाची वाट मिटते. ही मशीन हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवते. दाब कमी पडला तर वाट मिटते, जास्त झाला तर हवा पोटात जाते. ज्याचा त्याचा दाब अलग असते. तुमचा सापडला पाह्यजे.” दुसऱ्या रात्री पलंगावर झोपवून तिनं तो शोधला. दाब आठ. श्वास अडायचा तासाला फक्त तीनदा.

मशीन रोजचा आकडा आपणहून पाठवायची, मायाकडे आणि अद्वैतच्या फोनवर. अद्वैतनं गाडीतच सांगून टाकलं, “आई, डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत आकडा पाचाखाली आला पाहिजे. नाही आला तर तुला एकटं ठेवायचं नाही. मग तू इकडे यायचं. इशितानं हॉलमधला दिवाण मोकळा करून ठेवला आहे.”

ताराबाई बरं म्हणाल्या. त्यांना अकोल्याला जायचं नव्हतं, निदान या चातुर्मासात तरी नाही. पण का, ते सांगता येत नव्हतं.

ते असं होतं. बावीस वर्षांचा अद्वैत मूर्तिजापूरजवळ मोटारसायकलवरून पडला होता आणि नऊ दिवस शुद्धीवर नव्हता. नवव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. त्या संध्याकाळी चिंतामणरावांनी दवाखान्याच्या जिन्यात बायकोला सांगितलं, बारा चातुर्मास मी जमिनीवर झोपणार. चटई, घोंगडी, उशी नाही. आणि कोणाला सांगायचं नाही, पोरालाही नाही. व्रताचा गवगवा झाला की मागे नुसती सवय उरते, असं त्यांचं म्हणणं. नऊ वर्षं निभली. दहाव्या भाद्रपदात ते गेले. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर ताराबाईंनी पलंगाखालची चटई ओढली आणि त्यांच्या जागी आडव्या झाल्या. दहावं पुरं केलं, अकरावं केलं. हे बारावं.

हॉलमधल्या दिवाणाशेजारी जमिनीवर झोपलं तर सून इशिता विचारणार. अद्वैत विचारणार. आणि खोटं न बोलणं हाही ताराबाईंचा नेमच होता.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. त्या रात्री अमरावतीच्या घरी त्यांनी मशीन पलंगावर ठेवली, चिंतामणरावांच्या बाजूला, कारण प्लगचं बटण तिथंच होतं. खाली चटई टाकली. वरून नळी उतरवून मास्क नाकावर बसवला. कुशीवर वळलं की नळी ताणायची, म्हणून उताणंच पडून राहिल्या. वर पलंगावर मशीन श्वास घेत होती, खाली त्या.

सकाळी त्यांचं मौन असायचं. पिंपळाला पाणी, पूजा, विष्णूची सहस्रनामं, तोवर तोंडून दुसरा शब्द नाही. पूजा आटोपून फोन पाहिला तर अद्वैतचा निरोप होता : ‘१७. मास्क नीट लाव.’

दुसऱ्या दिवशी, ‘१९.’ तिसऱ्या दिवशी नुसतं ‘१८’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. पूर्वी तो चार दिवसांतून एकदा फोन करायचा, पोळी खाल्ली का, गुडघा कसा आहे, असं विचारायचा. आता आकडा कळत होता, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मायाचा मात्र फोन यायचा. “काकू, नवाच्या आत तुमी फोन उचलतच नाई.”

“माझं मौन असतं गं.”

“बरं हाय. आमच्याकडं असं मौन कोणी धरलं असतं तर मले दोन घास शांतीनं भेटले असते. मास्क ढिला होते काय?”

“नाही.”

“मग दाब दहा करते. इथूनच होते, तुमी काई करू नका.”

दहावर चौदा. अकरावर बारा. बारावर नऊ. आकडा उतरत होता पण पाचाच्या वरच अडकून बसला होता, आणि ताराबाईंचं पोट सकाळी नगाऱ्यासारखं फुगलेलं असायचं. सोमवारी उपासाच्या पोटी ‘विश्वं विष्णुः’ म्हणायला तोंड उघडलं आणि एवढी मोठी ढेकर आली की खिडकीतली साळुंकी उडाली. दुसरं नाव, दुसरी ढेकर. शेवटी त्या एकट्याच हसल्या, आणि हसू ऐकायला घरात कोणी नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.

तेराव्या दिवशी मायानं मशीन घेऊन बोलावलं. मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या एसटीत ताराबाई पेटी मांडीवर घेऊन बसल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, “कायची मशीन हाय वो?”

“श्वासाची.”

“अन् सोबत कोणी नाई?”

“मुलगा अकोल्याला आहे. न्यायला येणार आहे पाचला,” ताराबाई म्हणाल्या. उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं, पण खोटंही नव्हतं.

दवाखान्यात मायानं नळी काढून उजेडात धरली. आत पाण्याचे थेंब होते. “हे पाणी रोज येते?”

“रोज. पहाटे नाकाशी गार लागतं. मला वाटलं, ते तसंच असतं.”

माया नळीकडे पाहत राहिली. मग तिनं खुर्ची ओढली आणि समोरच बसली. “काकू, पाणी उतारानं जाते. मी तुमाले मशीन पलंगाहून खाली, स्टुलावर ठेवा म्हटलं होतं. तशी ठेवली तर थेंब मशीनकडं जातीन. तुमच्या नाकाशी येऊन राह्यले, म्हणजे मशीन वर हाय अन् तुमी खाली. तुमी झोपून कुठं राह्यल्या?”

ताराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

“खाली,” त्या म्हणाल्या.

“खाली कुठं?”

“जमिनीवर. चटईवर.”

“उशी?”

“नाही.”

“घरी पलंग नाई काय?”

“आहे.”

“मग काहून?”

ताराबाईंना वाटलं, आता ही हसणार, नाहीतर डॉक्टरांना हाक मारणार. पण मायानं पेन खाली ठेवला. “चातुर्मास,” ती म्हणाली. तिचा तो प्रश्न नव्हताच.

“तुला कसं...”

“माही आजी. सुंदराबाई. आमचा बौद्धांचा वर्षावासही याच दिवसात येते ना. पुनवेले, अमावास्येले थे अष्टशील घेते. उंच आसनावर झोपायचं नाई, हे त्यातलंच एक हाय. त्या दिवशी भुईवर झोपते अन् सकाळी खांब धरून उठते. मी म्हणलं, आजी, गुडघे जातीन. म्हणते, तू तुह्या मशीनी सांभाळ, माहे गुडघे मी पाहते.”

ताराबाईंना हसू आलं.

“पण आजी सांगून तरी झोपते, काकू. तुमी मले तेरा दिवस येडं बनवलं. मी इथं बसून दाब वाढवून राह्यली, अन् तुमी तिकडं सपाट, उताणं, बिनाउशीच्या. तशात जीभ सरळ मांगं पडते. बारा काय, पंधरावरही तुमाले पुरलं नसतं.”

“माझं नाही ते,” ताराबाई म्हणाल्या. “म्हणजे आता माझं आहे. सुरुवात माझी नाही.” दोन वर्षांत याविषयी त्या एवढंही बोलल्या नव्हत्या. मायानं पुढे विचारलं नाही.

तिनं कपाटातून सतरंजी काढली आणि तपासणीच्या टेबलाशेजारी फरशीवर अंथरली. “चला. पलंगावरचा दाब आपल्या कामाचा नाई. जमिनीवरचा पाहू.” मशीन तिनं खाली ठेवली, डोक्याच्या पातळीला. ताराबाईंना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीमागे ब्लँकेटची वळकटी लावली. “वळकटी उशी नाई ना तुमच्या नेमात?”

“डोक्याखाली नसली म्हणजे झालं.”

“मग झोपा. मी हाय इथंच.”

दुपारी परक्या ठिकाणी, परक्या पोरीसमोर आपल्याला झोप येणार नाही असं ताराबाईंना वाटलं. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. माया शेजारी फरशीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर स्क्रीन, हातात गार झालेला चहा.

“पस्तीस मिनिटं झोपल्या. कुशीवर होत्या तोवर एकदा अडला. मांगून वळकटी सरकली, तुमी उताण्या झाल्या, तवा लागोपाठ चारदा. मी ढोसलं तर वळल्या.”

“तू ढोसलंस?”

“कोपरानं. लागलं काय?”

“नाही,” ताराबाई म्हणाल्या आणि मास्कचा पट्टा सोडवायला त्यांना जरा वेळ लागला.

दाब नऊवर ठरला. मायानं जुना फॉर्म काढला, रेघ मारलेल्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. मग थांबली. “काकू, झोपायची जागा लिहा लागते. उद्या दुसरं कोणी दाब बदलला तर त्याले समजलं पाह्यजे. हे अद्वैतदादाच्या फोनवरही जाईन. काहून ते मी लिहत नाई. कुठं, तेवढं.”

ताराबाईंनी डोळे मिटले. चिंतामणरावांना विचारायची त्यांना सवय होती, पण उत्तर यायची सवय मोडली होती. श्वास अडत राहिला तर अकोल्याचा दिवाण, आणि बारावं वर्ष तिथंच संपलं. लिहिलं तर कदाचित अद्वैत विचारील.

“लिही,” त्या म्हणाल्या. “खोटं नको.”

पाच वाजता अद्वैत आला. कानाला फोन लावूनच त्यानं पेटी उचलली, बसस्टँडपर्यंत सोडलं, खिडकीशी जागा मिळवून दिली. “दोन दिवस उरलेत, आई,” एवढं म्हणाला.

परतीच्या वाटेवर ताराबाईंनी एक वाक्य तयार केलं. ‘तुझ्या बाबांचं थोडं राहिलं होतं, ते पुरं करते आहे.’ मूर्तिजापूर येईपर्यंत त्यातला एकेक शब्द त्यांनी तपासला. व्रताचं नाव त्यात नव्हतं, अपघाताचं नव्हतं. तरी तो ओळखील असं त्यांना वाटलं. आणि ओळखलं तर किती दिवसांनी मायलेक चिंतामणरावांविषयी बोलतील, असंही वाटलं. त्याची त्यांना भीती वाटत होती आणि ओढही.

घरी त्यांनी चिंतामणरावांचा पूजेचा पाट चटईशेजारी मांडला, त्यावर मशीन ठेवली. घोंगडीची वळकटी पाठीशी लावली. कुशीवर वळल्या की आता समोर पलंगाचा पाय दिसत नव्हता, मशीनचा बारीक हिरवा दिवा दिसत होता.

पहिल्या दिवशी सहा. नाकाशी पाणी नाही, पोट मऊ. सहस्रनामं एका दमात झाली.

पंधराव्या दिवशी मौन सुटायच्या आधीच फोन वाजला. ताराबाईंनी उरलेली नामं न चुकवता पुरी केली, मग उचलला.

“आई, चार पॉइंट एक,” अद्वैत म्हणाला. “जमलं की. म्हणजे आता तुला इकडे यायची गरज नाही.”

त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काही होतं. मागून इशितानं काहीतरी विचारलं आणि तो म्हणाला, “नाही, नाही येत.” ताराबाईंनाही हेच हवं होतं. पंधरा दिवस त्या याचसाठी झटत होत्या.

“रिपोर्ट वाचलास का रे?” त्यांनी विचारलं.

“पाहिला ना. आकडा वरच असतो. का, अजून काही होतं त्यात?”

ताराबाईंचं वाक्य जिभेवर होतं. विचारलं असतं, कुठं झोपतेस, तर त्यांनी सांगितलं असतं. हे त्याचं विचारणं नव्हतं.

“नाही. तेवढंच,” त्या म्हणाल्या.

“मग ठेवू? ऑफिसला निघतोय.”

“ठेव. जेवून जा.”

त्यांनी फोन ठेवला. व्रत कोणाला कळलं नव्हतं. मायाला अर्धं कळलं होतं, पण तिचं मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं. चिंतामणरावांनी सोपवलं तसंच ते राहिलं होतं, पुरतं झाकलेलं.

मग उठून मशीनचं भांडं विसळलं, पालथं घातलं. पलंगावर मशीननं चादरीला चौकोनी वळ पाडला होता, तो हातानं सारखा केला. भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटत कार्तिकापर्यंत गेल्या. एकादशीच्या चौकटीत चिंतामणरावांच्या वेळेपासून त्या एक छोटं टिंब द्यायच्या, ते दिलं. बारावं. द्वादशीपासून पलंगावर झोपायचं होतं. दवाखान्याच्या पलंगावर आठ पुरला होता, घरच्या एवढ्या रुंद पलंगावर किती दाब लागेल कोण जाणे.

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि द्वादशीच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं : ‘माया, अकोला. वरचा दाब पाहणे.’