सातव्या पायरीखालची चीर

मी एक जुनी शिडी आहे. मित्रांनो, मानवजातीची आजवरची सगळी उन्नती माझ्याच कुळामुळे झाली, हे एकदा कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, ते मी सांगते. माणूस वर गेला तो आमच्या अंगावर पाय देऊनच. माझ्यापुरतं बोलायचं तर ही उन्नती साडेचार मीटरपर्यंत होत असे. सध्या ती दीड मीटरपर्यंत होते, आणि तीही फक्त एका कोंबडीची.

उरलेले तीन मीटर कुठे गेले, ते सांगते. गोष्टीची सुरुवात छान आहे, पण गाफील राहू नका. हिच्यात एक माणूस पडणार आहे. मला ते फार आधीपासून माहीत होतं, आणि सांगता मात्र येत नव्हतं.

माझा जन्म वाल्पाराइसो नावाच्या बंदराच्या शहरात, एका टेकडीवर, बाउतिस्ता नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या पडवीत झाला. शेजारचं शंभर वर्षांचं घर पाडलं, त्याच्या तुळईतून बाबांनी मला काढलं. लाकूड घेण्याआधी बाबा ते हुंगायचे, बोटाच्या पेराने ठोकून कान लावायचे, दोन दिवस नुसते बघत बसायचे. लग्नाआधी आपली एवढी चौकशी झाली नव्हती, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगत असे. मला बारा पायऱ्या होत्या आणि खिळा एकही नव्हता. प्रत्येक पायरी दोन्ही दांड्यांच्या खाचांत अशी घट्ट बसवली होती, की जणू तिथेच उगवली.

मग एके दिवशी रिगोबेर्तो आला. बंदरावर पंधरा वर्षं क्रेन चालवून नुकताच घरी बसलेला बेचाळीस वर्षांचा माणूस.

"बाबा, शिडी पाहिजे. धंदा काढतोय."

"कसला?"

"सगळ्याचाच. नळ, पत्रे, दारं, रंग. जे मोडेल ते."

"म्हणजे धड येत काहीच नाही."

"करता करता शिकेन की."

"लोकांच्या घरांवर?"

"मग काय स्वतःच्या? तिथं तेन्चा हात लावू देत नाही."

तेन्चा ही त्याची बायको. बाबा पोट धरून हसले आणि मला त्याच्या खांद्यावर दिलं. पण त्याला जिना उतरू देण्याआधी त्याचा अंगठा धरून माझ्या दांड्यावरून खालपासून वरपर्यंत फिरवला. "रोज सकाळी हे करायचं. डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला लागतं. आणि हिला जवसाचं तेल पाज, रंग कधी देऊ नकोस. रंगाखाली काय चाललंय ते तुला दिसणार नाही, आणि हिला तर तोंडच नाही."

सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्या अशा माणसाला आमच्याकडे मायेस्त्रो चास्कीया म्हणतात. ही पदवी आहे की शिवी, ते काम संपल्यावर ठरतं. रिगोचं पहिलं काम होतं एर्सिलियाबाईंच्या छपराची गळकी पन्हळ. त्याने मंगळवारी नऊला येतो म्हणून सांगितलं आणि मंगळवारी नऊला आला. आमच्या टेकडीवर ही गोष्ट इतकी अपूर्व, की बाई दारच उघडेनात. त्यांना वाटलं, कुणीतरी वाईट बातमी घेऊन आलंय.

"कोण गेलं?" त्यांनी आतून विचारलं.

"कुणी नाही, सेन्योरा. पन्हळ करायला आलोय."

"आजच?"

पन्हळ झाली. पुढच्या वादळात ती गळली नाही, हे बाईंनी पाव आणायला जाताना रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं, आणि आमचा धंदा सुरू झाला. टेकडीवर माणसं चढवणारी छोटी रेल्वे मला आत घेत नसे, म्हणून रिगो मला खांद्यावर घेऊन चारचारशे पायऱ्या चढायचा. घामाने भिजायचा, पण सकाळी निघण्याआधी अंगठा फिरवल्याशिवाय राहायचा नाही. त्या वर्षांत मी जेवढी सुखी होते तेवढी पुन्हा झाले नाही.

एक खोड मात्र तेव्हापासूनच होती. लोकांच्या घरी रिगो चुकूनही काम तारेवर भागवायचा नाही. पत्रा सडला तर पत्रा बदलायचा. स्वतःच्या घरी मात्र नळाला तार, दाराच्या कडीला तार, तेन्चाच्या खुर्चीला तार.

"सगळ्या टेकडीचे नळ गळायचे थांबले," तेन्चा म्हणायची, "माझा तेवढा गळतोय."

"टिकतंय की, तेन्चा."

हे दोन शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. मला ते विसरता येत नाहीत.

एका दुपारी मी एर्सिलियाबाईंच्या भिंतीला टेकून उभी होते. रिगो आत चहा पावाला बसला होता. जमीन हलली. आमच्याकडे ती हलतच असते, आणि भूकंप केवढा झाला त्याचा आकडा ज्याला त्याला आधी सांगायचा असतो. आतून पहिला आवाज आला तो बाईंचा. "पाच पूर्णांक दोन!" रिगो म्हणाला, "छे, पाचसुद्धा नाही." दोघं यावर वाद घालत असताना मी भिंतीवरून घसरले आणि दगडी जिन्याच्या कडेवर आदळले. सातव्या पायरीच्या किंचित खाली, डाव्या दांड्यात, काहीतरी बारीकसं कडकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिगोचा अंगठा वर सरकत आला आणि तिथे थांबला.

"अरे," तो म्हणाला.

दोन बोटं लांब चीर होती, केसाएवढी. त्याने वाकून पाहिलं. मला मोडीत काढून बाबांकडे नवी शिडी सांगायची, हे त्याच्या चेहऱ्यावर आलेलं मी पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी न्हाणीघरात पाणी भरत होतं. रिगोने खिशातून तार काढली, चिरेभोवती सहा वेढे दिले, पक्कडीने पिळले आणि म्हणाला, "टिकेल."

आजवर तो हे घरच्या वस्तूंना म्हणायचा. त्या दिवसापासून मी घरची झाले.

धंदा वाढला. तेन्चाचा भाऊ मोन्चो हाताशी आला. वजन एकशे दहा किलो, आणि शिडी चढण्याआधी काहीतरी खाऊन घ्यायची सवय. मग जुनी गाडी आली, आणखी दोन कारागीर आले, सगळ्यांना पिवळे सदरे आले. रिगो गल्लीत उभा राहून फोनवर बोलू लागला आणि मोन्चो माझ्यावर चढू लागला. अंगठा फिरवणं आधी एक दिवसाआड झालं, मग सोमवारी, मग कुणाला आठवेना. माझी चीर दर महिन्याला तांदळाच्या दाण्याएवढी वाढत होती. मोन्चो सातव्या पायरीवर आला की मी करकरत असे. तो म्हणायचा, "म्हातारीचे सांधे बोलतायत." सगळे हसायचे.

मग सप्टेंबर आला. अठरा तारखेच्या राष्ट्रीय सणाआधी आमच्याकडे घरं रंगवतात, आणि टेकडीवर ती होड्यांच्या उरलेल्या रंगाने रंगवतात. त्यातच रिगोचं टेकडीच्या पायथ्याशी दुकान उघडायचं होतं. मोन्चो पिवळ्या रंगाचा डबा घेऊन सुटला. गाडी रंगवली, खोकी रंगवली, हातोड्यांचे दांडे रंगवले. मग माझ्यापुढे उभा राहिला.

"दाजी, ही एकटीच भिकाऱ्यासारखी दिसते."

"तिला नको. बाबांनी सांगितलंय."

"बाबांचं काय, बाबा पंच्याऐंशीचे आहेत. आणि ही तार? गिऱ्हाईक म्हणेल, स्वतःच्या शिडीला मलमपट्टी, हे आमचं काय दुरुस्त करणार?"

रिगोच्या कानाला फोन होता. त्याने मोन्चोकडे बघून हात हलवला. त्या हाताचा अर्थ "थांब" होता की "कर", हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मोन्चोला ते एका क्षणात ठरवता आलं. त्याने तार कापून काढली, कारण ती रंगाखाली उंचवटा करत होती. चिरेत पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली आणि वर रंगाचे तीन हात दिले.

खोटं कशाला सांगू, मी सुंदर दिसत होते. येणारा जाणारा थांबून म्हणायचा, "वा, नवी घेतलीत?" मला तोंड नाही हे खरं. पण त्या दोन दिवसांत ते असतं, तरी मी ते उघडलं असतं का, याची मला खात्री नाही.

सतरा तारखेची सकाळ. समुद्रावरून जोराचा वारा होता, पतंग उडत होते, रस्त्यावर सणाची गाणी लागली होती. तेन्चा दुकानाच्या आत एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, तळत होती. पाटीवर लिहिलं होतं, 'रिगोबेर्तो आणि मंडळी. एकदा केलं की टिकलं.'

"तू कशाला चढतोस?" तेन्चा बाहेर येऊन म्हणाली. "मालक झालास ना आता?"

"माझ्या नावाची पाटी दुसरा कोण लावणार?"

तीन वर्षांनी त्याचा पाय माझ्या पहिल्या पायरीवर पडला. ओळखीचा पाय होता. मोन्चोने मला एका हाताने धरलं होतं, दुसऱ्या हातात एम्पानादा होती. रिगो चढू लागला. पाचवी, सहावी. सातवीवर मी करकरले, जीव तोडून करकरले. पूर्वी एवढ्या आवाजावर तो जागीच थबकला असता. पण गाणी मोठ्याने लागली होती. आठवी, नववी.

तेवढ्यात काठी टेकत बाउतिस्ताबाबा आले. त्यांना हल्ली नीट दिसत नसे. जवळ येऊन त्यांनी सवयीने माझ्या दांड्यावर अंगठा ठेवला आणि लगेच उचलला.

"हिला रंग कुणी दिला?"

"छान दिसते ना, बाबा?" मोन्चो म्हणाला.

बाबा अंगठा वर नेऊ लागले. चौथी पायरी, पाचवी. मग टाचा उचलून सहावी. त्यापुढे त्यांचा हात पोहोचेना. मित्रांनो, एका वितीचा प्रश्न होता. त्यांनी काठीने वरचा दांडा ठोकला आणि कान लावला.

"रिगो, खाली ये."

"दोनच स्क्रू राहिलेत, बाबा."

"खाली ये म्हणतो ना!"

"अहो, टिकतंय की!"

तेवढंच ऐकू आलं. पुट्टीचा एक पांढरा तुकडा बाबांच्या टोपीवर पडला, आणि मग डावा दांडा गेला.

रिगो दगडी पायऱ्यांवर पडला. वर पाटी एका स्क्रूवर लोंबकळत वाऱ्याने भिंतीवर आपटत होती. तेन्चा त्याच्या डोक्याशी बसून त्याचं नाव घेत राहिली. बराच वेळ त्याने ओ दिली नाही. मोन्चो माझा उजवा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता, आणि कुणी सांगूनही सोडत नव्हता.

रिगो वाचला. त्याच्या कमरेत आता पोलादाची पट्टी आणि सात स्क्रू आहेत. ते ज्यांनी बसवले, त्यांनी तारेवर भागवलं नाही. धंदा तेन्चा बघते, आणि पहिल्यापेक्षा बरा बघते. तिचा नळ आता गळत नाही. रिगो सकाळी दारात खुर्ची टाकून बसतो. बाहेर जाणारी प्रत्येक शिडी आधी त्याच्यापुढे आडवी करायची, असा नियम आहे, आणि ती आणून आडवी मोन्चोच करतो. रिगोचा अंगठा खालपासून वरपर्यंत फिरतो.

बाबांनी माझे तीन तुकडे केले. वरचा शेगडीत गेला, खालचा दुकानात फडताळ झाला. मधला, म्हणजे पाचव्या पायरीपासून आठवीपर्यंतचा, रिगोने मागून घेतला. "ती चीर मला रोज दिसू दे," तो म्हणाला. बाबांनी रंग खरवडून दिला. म्हणून मी अंगणात, त्याच्या खुर्चीसमोर, खुराड्याला टेकून उभी आहे. डावा दांडा फाटका, सगळा भार उजव्यावर. या वेळी तार कुणी बांधलेली नाही.

मित्रांनो, तुम्हाला उचलून धरणाऱ्या वस्तू बोलत नाहीत. त्यांच्यावरून रोज एकदा हात फिरवा, आणि हाताला काही लागलं तर त्या वेळी फोन घेऊ नका. माझं मागणं एवढंच होतं.

हां, आणि जाता जाता त्या कोंबडीला तेवढं खाली उतरवा. ती सातवीवर बसली आहे, आणि हल्ली फार खायला लागली आहे.