आठ पुरचुंड्यांची घोसाळी

पाण्याच्या टाकीमागच्या जमिनीच्या बेचाळीस पट्ट्या पाडून त्या भाजी लावायला दिल्या आहेत, आणि त्या बेचाळीस पट्ट्यांची मी चिटणीस आहे. नोकरीत असताना दुकानदारांचे काटे तपासायची, म्हणून इथं मला काटेबाई म्हणतात. तोंडावर एवढं म्हणतात, म्हणजे पाठीमागे आणखी काहीतरी म्हणत असणार. प्रत्येकानं आपली भाजी फाटकाजवळच्या खोलीत तोलून मगच घरी न्यायची आणि मी ती वहीत लिहायची. माझ्या वहीत सगळं असतं. गेल्या वर्षी काटा पुसायच्या फडक्याचा एक कोपरा कुणीतरी कापून नेला, तेसुद्धा आहे. मला नळदुरुस्तीवाल्याचा संशय होता. तसं मी त्याला ऐकवलंही होतं.

फाटकाशी एक बाक आहे. जास्तीचं निघालं तर त्यावर ठेवायचं, ज्याला हवं त्यानं उचलायचं, आणि आभारबिभार मानायचे नाहीत, अशी रीत. ऐन उन्हाळ्यात मात्र सगळ्यांचंच जास्तीचं निघतं. मग ठेवणारे बेचाळीस आणि उचलणारं कुणी नाही. तरी टोमॅटो संपतात, काकडी येताजाता दाताखाली जाते. घोसाळं तेवढं लोक टाळतात, रस्त्यात नको असलेला नातेवाईक दिसावा तसे.

यंदा बाकावर घोसाळीच घोसाळी होती. ती ठेवणारे एकच, एकोणिसाव्या पट्टीचे शिंपी. आमचे मास्तर.

मास्तरांचं दुकान तीन वर्षांपूर्वी बंद झालं आणि बायको या हिवाळ्यात गेली. पट्टी वहिनींची होती. मास्तर नुसते रविवारी यायचे, सावलीत खुर्ची टाकून बसायचे. वहिनी वाफ्यात वाकल्या की म्हणायचे, "हळू गं, पाठीची शिवण उसवेल."

"उसवली तर तुम्ही आहात की टाके घालायला," वहिनी म्हणायच्या. "पण त्यासाठी उठावं लागेल हं!"

ते काही उठायचे नाहीत.

वहिनी गेल्यावर मास्तर पट्टी सोडून देतील, असा माझा अंदाज होता. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. थंडी ओसरल्यावर ते आले, एकटेच. खोपटात खिळ्याला आठ कापडी पुरचुंड्या टांगलेल्या सापडल्या. वहिनी आठ वाफ्यांत आठ भाज्या लावायच्या. वाफे आठ, पुरचुंड्या आठ. मास्तरांनी एकेका वाफ्यात एकेक पुरचुंडी रिकामी केली. आठहींत घोसाळ्याचं बी होतं.

"सगळं बी सारखंच दिसतंय, हे कळलं नाही का हो?" मी नंतर विचारलं.

"काळं होतं, चपटं होतं. बी म्हटल्यावर काळंच असणार, असं वाटलं."

शर्टाचं बटण कुठलं आणि कोटाचं कुठलं, हे डोळे मिटून सांगणारा माणूस!

खरं सांगायचं तर रोपं वर आली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. आठही वाफ्यांत एकच पान. पुन्हा पेरायला वेळही होता. पण चिटणिसानं कुणाच्या पेरणीत नाक खुपसू नये, असं मी ठरवलं. नियमाच्या आड उभं राहिलं की बोलायचं वाचतं.

मग ऊन तापलं आणि वेल मांडवावर चढले. मांडवावरून खोपटावर गेले, खोपटावरून शेजारच्या पट्टीच्या कुंपणावर. पिवळी फुलं आली, आणि फुलांमागोमाग घोसाळी. वहीत मास्तरांच्या पानावर पहिल्या ओळीला 'घोसाळी' हा शब्द आहे आणि खाली पानभर नुसत्या वरीलप्रमाणेच्या खुणा. आदल्या वर्षी याच पानावर वहिनींच्या आठ भाज्या आलटूनपालटून यायच्या. टोमॅटोवर बोट ठेवून त्या विचारायच्या, "काटेबाई, दोन घेऊन जा की." मी म्हणायची, "एकटीला काय करायचेत?" दरवेळी त्या विचारायच्या, आणि दरवेळी मी तेच म्हणायची.

मास्तर सकाळी घोसाळं खायचे आणि रात्री घोसाळं खायचे. पिशवी घेऊन दारोदार हिंडायचे. लोक आतून म्हणायचे, "घरात नाहीत हो." कोण नाहीत, ते काही सांगायचे नाहीत. लांबच्या गावी असलेल्या मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, फेकून द्या." त्यांच्यानं फेकवेना आणि तोडणंही उरकेना. घोसाळं दोन दिवस राहिलं तर जून होतं, चार दिवसांत आत दोऱ्यांची गुंडाळी होते.

आमचा नियम असा : पिकलेली भाजी वेलावर लोंबत ठेवली तर चिठ्ठी. तिसऱ्या चिठ्ठीला पट्टी जाते आणि यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला सूट आहे. पण वाफ्यामागे एकच फळ, आणि त्याला ओळखीची चिंधी बांधलेली हवी. यादीत पहिले होते दाताचे डॉक्टर. ते दर रविवारी एकोणिसाव्या पट्टीपुढं हात मागे बांधून उभे राहायचे आणि किडकी दाढ तपासावी तसे मास्तरांचे वेल बघायचे.

मी मास्तरांना पहिली चिठ्ठी दिली. आठवड्यानं दुसरी दिली. दुसरी त्यांनी घडी करून खिशात ठेवली. खिशाला वरून दोनदा थोपटलं.

"काटेबाई, पट्टी गेली तर मी रविवारी बसायचं कुठं?"

"घरी बसा."

"घरी बसतोच की. सोमवार ते शनिवार."

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी तिसरी चिठ्ठी लिहून मी निघाले. डॉक्टर फाटकाशी होतेच. नवीकोरी कुदळ आणली होती, तिच्या दांड्यावरचं वेष्टणसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

मास्तर खोपटात स्टुलावर बसले होते. कोपराला फाटलेल्या सदऱ्याला ठिगळ लावायला म्हणून त्यांनी त्या पुरचुंड्या खिळ्यावरून काढल्या होत्या, आणि आता उसवून एकेक मांडीवर पसरल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता. मला पाहून उठले नाहीत.

"ही निळी चौकट कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"पोस्टमनची. दोनदा कॉलर उलटून दिली होती. ही बारीक फुलं शाळेतल्या बाईंची, बाही अर्ध्या इंचानं चुकली म्हणून माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता. हा पाववाल्याचा अंगरखा. ही नळवाल्याची विजार, पोट वाढलं म्हणून तीन वेळा सोडली." एकेक तुकडा ते बोटांनी चाचपून बाजूला ठेवत होते. "मी समजलो की कापडावरून भाजी ओळखायची. आणि तिनं कापडावर माणूस लिहिला होता, काटेबाई. ही बोलली होती मला. पुढच्या वर्षी भाजी नाही वाटणार, बीच वाटणार. स्वतः लावलेलं कसं टाकतात ते बघते, म्हणाली होती. मी ऐकलं आणि विसरलो. या आठ घरांचं बी मी एकट्यानं पेरून बसलो."

मी तिसरी चिठ्ठी हातात धरून उभी होते.

"सातांची कापडं माझ्या कात्रीखालून गेलीत," मास्तर म्हणाले. "ही आठवी कुणाची? हे कापड मी कधी बेतलं नाही. हिला मिळालं तरी कुठून?"

आठवा तुकडा जाडाभरडा होता, पिवळट, एका कडेला तेलाचा डाग. तो डाग मी रोज बघते. त्याचं उरलेलं फडकं काट्याशेजारी खुंटीला टांगलेलं असतं, एक कोपरा कमी. मी तयार कपडे घेते. मास्तरांकडे माझं माप नाही, की माझी एक चिंधी नाही. वहिनींना शोधावी लागली असणार.

"असेल कुणाचंतरी," मी म्हटलं. "मास्तर, आठ वाफ्यांत आठ फळं बियाण्याला राखता येतात. चिंधी बांधली की झालं. नियम आहे तसा. बाकीचं सगळं मात्र सूर्य मावळायच्या आत उतरलं पाहिजे."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हे तुम्ही पहिल्या चिठ्ठीला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

उत्तर बरोबर होतं, आणि मला ते आवडलं नाही.

मास्तरांनी वाफ्यात उतरून पाठ वाकवली. अर्धी घोसाळी त्यांनी उतरवली, अर्धी मी. आठ ढीग केले, वाफ्याचा वेगळा. संध्याकाळी मास्तर ढकलगाडी घेऊन निघाले. पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. पहिलं दार पोस्टमनचं.

"मास्तर, नको हो," पोस्टमन उंबऱ्यातूनच म्हणाला. "कालचीच आहेत अजून."

"देत नाहीये. तुमचीच आहेत. मी चुकून माझ्या वाफ्यात लावली." मास्तरांनी निळ्या चौकटीच्या तुकड्यातून कातरलेली चिंधी पुढं केली.

पोस्टमननं ती हातात घेतली, उलटून पाहिली. मग घोसाळी आत नेली. दार लगेच लावलं, पण हलकेच. सात घरांत असंच झालं. आत या, असं कुणी म्हणालं नाही. आपली वस्तू परत घ्यायला वेळ तो किती लागतो.

डॉक्टरांना मी सांगितलं, "तिसरी चिठ्ठी नाही." ते कुदळ काखेत मारून गेले. जाताना बाकावरच्या चार काकड्या नेल्या त्यांनी, हे मी वहीत लिहिलं नाही.

मास्तर रिकामी गाडी घेऊन परत आले, तेव्हा मांडव मोकळा झाला होता आणि आठ घोसाळी तेवढी लोंबत होती. आठव्या ढिगाला दार मिळालं नव्हतं. मास्तरांनी सात चिंध्या बांधल्या, काज करावेत इतक्या नीट. आठवी हातात घेऊन थांबले.

"द्या इकडे," मी म्हटलं.

माझी गाठ सुटली. मास्तरांनी ते पाहिलं, पण हात पुढं केला नाही. मी पुन्हा बांधली.

"हा ढीग?" त्यांनी विचारलं.

"नेते मी."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. पिवळट चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खुर्ची सावलीतून उचलून त्यांनी वाफ्याच्या कडेला आणली आणि बसले.

मी काट्यावर ढीग तोलला. साडेतीन किलो. वहीत माझ्या नावाचं पान नव्हतं. शेवटचं कोरं पान काढलं आणि पहिल्या ओळीला 'घोसाळी' लिहिलं. मग पिशवी उचलून घरी गेले, कुलूप उघडलं, आणि एक घोसाळं चिरायला घेतलं. एकटीला एक पुरलं. बाकीची ओट्यावर ओळीनं मांडून ठेवली.