मागून येणारा आवाज

छापखान्यात हयात घालवलेल्या मशीनमनचे कान छपाईयंत्रांनी केव्हाच खाऊन टाकले होते. घरात समोरच्याचे ओठ बघून त्याचं भागायचं आणि स्कूटर तो तळहातांनी ऐकायचा. हँडल कसं थरथरतंय त्यावरून तिची तब्येत ओळखायची, आणि गाडी ठणठणीत आहे असं छातीठोकपणे सांगायचं. मग लेकीनं हट्टानं त्याच्या कानात यंत्र बसवून दिलं, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

स्कूटर सुरू केली की खडखड. वेग घेतला की कुठूनतरी शिट्टी. ब्रेक दाबला की किरकिर. बंद केल्यावरही बया टकटक करत राहायची, म्हणजे तर कहरच झाला.

"हे असं कधीपासून?" त्यानं बायकोला विचारलं.

"कायमचंच आहे की."

"आणि तू बोलली नाहीस?"

बायको आत निघून गेली.

लेक म्हणाली, "बाबा, इतकी खिळखिळी झाली असेल तर काढून टाका." तो तडक गाडी घेऊन मिस्त्रीकडे निघाला. संध्याकाळी बायकोला मागे बसवून पुलापर्यंत भरधाव चक्कर मारायची, एवढी एकच त्याची चैन. मशीनपुढे उभं राहण्यात जन्म गेला, तिला दुसरं काही देता आलं नव्हतं. ही चक्कर तिला आवडते, एवढ्यावरच त्याचं समाधान होतं. स्कूटर गेली तर दोघांच्यात उरणार काय?

मिस्त्रीनं गाडी पुढूनमागून पाहिली. "सगळं नॉर्मल आहे हो. उभी असताना इंजिन हलणारच. शिट्टी पट्ट्याची. ब्रेकमध्ये धूळ बसते म्हणून किरकिरतो. आणि टकटक म्हणजे तापलेला सायलेन्सर गार होतोय."

"मग बिघाड म्हणायचा कशाला?"

"नवा आवाज आला तर या."

"अहो, मला तर सगळेच नवे!"

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला.

"एक राहिलाच," मशीनमन म्हणाला. "मागून काहीतरी गुणगुणतं. वेग वाढला की तेही वाढतं."

मिस्त्री एक फेरी मारून आला. काही नाही. मशीनमननं स्वतः मारली. तरी काही नाही. "मागे वजन पडल्यावर येत असेल. कुणाला तरी बसवून नीट ऐका," असं सांगून मिस्त्रीनं त्याची बोळवण केली. डोक्याचा पार भुगा करून घेऊन तो घरी आला.

संध्याकाळी बायको नेहमीसारखी मागे बसली. मोकळा रस्ता लागला, त्यानं वेग घेतला, आणि सुरू झालं ते गुणगुणणं. त्यानं कानामागचं बटण दाबून यंत्राचा आवाज वाढवला आणि मान जराशी तिरकी केली.

"हळू... अहो, हळू घ्या ना... मला भीती वाटते... हळू..."

पाढे म्हणावेत तशी ती एका सुरात म्हणत होती.

त्यानं गाडी कडेला घेऊन बंद केली. त्याच्या खांद्यावरचा तिचा हात थरथरत होता. इतकी वर्षं ती थरथर त्यानं इंजिनाची म्हणून सोडून दिली होती. आता इंजिन बंद होतं.

"काय झालं? बिघडली का?" तिनं विचारलं.

"ऐकू आलं मला. तू म्हणत होतीस ते."

तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला. तिला आवडतं म्हणूनच तर तो वेग घ्यायचा. की आपल्यालाच आवडायचं?

"घरी का नाही सांगितलंस कधी?" तो म्हणाला. "समोर बसून सांगितलं असतंस तर कळलं असतं मला."

"सांगितलं होतं. लग्नानंतर, आपल्या पहिल्या स्कूटरवर. तेव्हा तुमचे कान चांगले होते."

त्यानं खूप आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना.

"मग मी काय म्हणालो?"

"काही नाही," ती म्हणाली. "हसलात, आणि वेग वाढवलात."