शेळीसुद्धा देऊ नये

ओरेहित्सा गावाच्या मोठ्या रस्त्यावरची लिपाची जुनी, डेरेदार झाडं पाडली, त्या सकाळी झाप्रियान नगराध्यक्षांच्या गाडीत काचा वर करून बसला होता. करवतीचा आवाज त्याला सोसवेना. याच झाडांची फुलं उन्हाळ्यात घरोघर चहासाठी वाळत पडलेली असायची. आता तिथे राखाडी फरशी बसणार होती.

"गाव कसं मोकळं मोकळं दिसतंय!" मागच्या सीटवरून नगराध्यक्ष काराजोव साहेब म्हणाले.

"दिसतंय, साहेब." साहेबांचा ड्रायव्हर झाल्यापासून झाप्रियानला दुसरं उत्तर सुचतच नसे.

त्याची बायको दोब्रिंका वेगळ्याच मातीची. तिचं शिवणाचं दुकान त्याच रस्त्यावर. सावली गेली तशी दुपारी दुकानाची भट्टी व्हायला लागली. नगरपालिकेच्या सभेत नागरिकांनी बोलायची वेळ आली, तशी ती उठून उभी राहिली. "सावली आणि फरशी यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती गाव काय, शेळीसुद्धा देऊ नये!"

सभागृह हसून लोटपोट झालं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं. साहेब कॅफेसमोरून गेले की कोणीतरी हळूच 'बेंऽऽ' करायचं. साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. थोड्याच दिवसांत दोब्रिंकाच्या नावे कोर्टाचं समन्स येऊन थडकलं. नगराध्यक्षांचा अपमान केल्याचा खटला.

साहेब मनाचे वाईट नव्हते, हीच तर झाप्रियानची पंचाईत होती. एका हिवाळ्यात दोब्रिंकाचं अपेंडिक्स फुटलं आणि ॲम्ब्युलन्स बर्फात अडकली, तेव्हा "माझी गाडी ने, मी जाईन पायी" असं म्हणून याच माणसाने किल्ली हातात ठेवली होती. ते झाप्रियान विसरला नव्हता.

"तिला सांग," एकदा गाडीत साहेब म्हणाले, "सभेत उठून 'चुकले' म्हणू दे. एवढंच. मी खटला मागे घेतो. मलाही बायकामुलं आहेत रे. माझ्या नातीला शाळेत शेळीची नात म्हणतात."

घरी आल्यावर झाप्रियानने घेवड्याच्या सूपमध्ये दोनदा मीठ घातलं. दोब्रिंकाने एक चमचा तोंडात घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बोल. काय सांगायला पाठवलंय तुला?"

त्याने सांगितलं. नातीचंही सांगितलं. तिने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला.

"पोरीचं वाईट वाटतं मला," ती म्हणाली. "पण मी पोरीला बोलले नाही. तिच्या आजोबालाही घरात घुसून बोलले नाही. खुर्चीला बोलले. खुर्चीला नाही बोलायचं, तर कोणाला बोलायचं?"

"अगं, खरं आहे तुझं."

"मग?"

"मला भीती वाटते, दोब्रे. शिक्षा झाली तर? माझी नोकरी गेली तर?"

तिने त्याचे खरखरीत हात आपल्या हातांत घेतले. "तुझ्यासाठी मागू माफी?"

तो "माग" म्हणाला. म्हणताना त्याने मान खाली घातली होती.

पुढच्या सभेला ती ठेवणीतला निळा कोट घालून आली. साहेब व्यासपीठावर, झाप्रियान भिंतीपाशी. तिचं नाव पुकारलं. जिला आजवर कधी माईक लागला नव्हता, तिचा आवाज आज पहिल्या रांगेलाही ऐकू जाईना.

"मागच्या वेळी मी... जे बोलले..."

"मोठ्याने बोल गं बाई!" मागून कोणीतरी ओरडलं.

तिने पुन्हा सुरुवात केली. कोटाचं बटण पिळत ती उभी होती, खोडी काढताना पकडलेल्या पोरीसारखी. झाप्रियान भिंतीपासून पुढे सरकला. याच तोंडाळ मुलीच्या प्रेमात तो पडला होता. गावच्या नाचात सगळ्यांदेखत "तुझे पाय आहेत की ओंडके?" असं तिने विचारलं होतं, तेव्हाच. आणि आज त्यानेच तिला असं उभं केलं होतं.

"थांब, दोब्रे. बस खाली," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला.

"तुम्ही कोण म्हणून बोलताय?" साहेबांशेजारी बसलेल्या सभेच्या अध्यक्षांनी विचारलं.

"नवरा म्हणून."

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत झाप्रियान थांबला.

"ही माफी तिची नाही, माझी आहे. मी घाबरलो म्हणून ती मागतेय. साहेब, तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते माझ्यावर आहेत. तिच्या जिभेवर नाहीत."

साहेबांनी कागद आवरले.

दुसऱ्या दिवसापासून झाप्रियान साहेबांच्या गाडीऐवजी नगरपालिकेचा कचऱ्याचा ट्रक चालवू लागला. खटला चालला. जिल्ह्याच्या न्यायाधीश बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेळीचं वाक्य वाचताना त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, पण निकाल त्यांनी गंभीरपणेच दिला. हे आरोपीचं मत आहे, आणि मताला खरं-खोटं ठरवता येत नाही. शब्द बोचरे आहेत, पण ते नगराध्यक्षांच्या कारभाराबद्दल आहेत. जो सार्वजनिक पद घेतो, त्याने इतरांपेक्षा जास्त ऐकून घ्यायला हवं. दोब्रिंका निर्दोष सुटली.

बाहेर पायऱ्यांवर साहेब एकटेच उभे होते. दोब्रिंका सरळ त्यांच्यापाशी गेली.

"तुमच्या नातीला शेळीवरून कोणी चिडवलं ना, तर मला सांगा. मी जाईन शाळेत. चांगली खरडपट्टी काढीन एकेकाची."

साहेबांना हसावं की चिडावं कळेना. "तुम्ही जाल, याची मला खात्री आहे," ते म्हणाले.

"आणि फरशी अजून वाईटच आहे हं."

"तेही तुम्ही सांगालच."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी शेजारी बसले. बाहेर सूर्यफुलांची शेतं मागे पळत होती.

"सभेत खूप घाबरला होतास?" तिने विचारलं.

"अजूनही हात थरथरतायत. बघ."

तिने पाहिलं. मग त्याचे दोन्ही हात आपल्या कोटाच्या खिशात घातले आणि घर येईपर्यंत तसेच धरून ठेवले.